शांततेला पन्नास गुण

लहान मुलाचं रडणं हा कोणत्याही सुव्यवस्थित संस्थानातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी शिक्षा झालेला शांतताभंग आहे. मोठ्या माणसाने भर पेठेत उभं राहून गळा काढला तर शिपाई येतो, नाव-गाव विचारतो आणि चावडीवर घेऊन जातो. मूल तेच करतं तेव्हा त्याला उलट दूध मिळतं. कायद्यातली ही उणीव पुढारलेल्या मुलखांनी केव्हाच भरून काढली असं आम्ही ऐकून होतो. आमच्या भोरात त्यासाठी सन १९३६ उजाडावं लागलं.

त्या साली भोरात शिशुकल्याण मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष केशवराव. संस्थानच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि शेरा मारायला समोर कागद उरला नाही म्हणून समाजाकडे वळले होते. सभासदांत हेडमास्तर होते, एक वकील होते, डॉक्टर होते आणि पेठेतले औषधांचे दुकानदार होते. मंडळात बाई एकही नव्हती. (बायकांना घरी मुलं सांभाळायची असल्यामुळे मुलांच्या कल्याणासाठी वेळ होत नसे.) चिटणीस म्हणून माझी निवड झाली, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला मूलबाळ नाही. त्यामुळे या विषयावरचं माझं मत निःपक्षपाती धरलं जाई.

मंडळाने पहिलं काम हाती घेतलं ते अपायकारक द्रव्यांच्या शोधाचं. बालकाच्या तोंडात, डोळ्यांत, कानांत व टाळूवर घरची माणसं काय काय घालतात याची पाहणी करायची असं ठरलं. पाहणीसाठी घरोघर जाण्याची गरज पडली नाही. आम्ही हेडमास्तरांच्या खोलीत बसलो आणि लहानपणी आमच्यावर कोणकोणते प्रयोग झाले ते आठवून लिहून काढलं. बाळगुटी, वेखंड, काजळ, ओव्याची धुरी, टाळूवरचं तेल, अशी मोठी यादी निघाली. निष्कर्ष असा की शंभरातल्या चौऱ्याण्णव बालकांना घरगुती द्रव्यं दिली जातात. (उरलेल्या सहांच्या आज्या वारलेल्या होत्या.) आम्ही सगळे त्यातून वाचून धडधाकट बसलो होतो, ही गोष्ट पुराव्याच्या दृष्टीने जरा अडचणीची होती. म्हणून ती अहवालातून वगळली.

सर्वांत भयंकर बाब निघाली ती अफूची. भातलावणीच्या दिवसांत मावळातली बाई बांधावर टोपलीत मूल निजवते आणि चिखलात उतरते. मूल दिवसभर कुरकुरू नये म्हणून ती त्याला सकाळीच अफूची बारीकशी गोळी चाटवते. डॉक्टरांनी सांगितलं की हे विष आहे. काही मुलं त्यातून मरगळतात, वाळतात, आणि एखादं संध्याकाळी उठतच नाही. हे ऐकून मंडळात खरोखर हळहळ झाली. चहा आला होता तो तसाच राहिला. लगेच अफूच्या निषेधाचा ठराव झाला आणि तो एकमताने झाल्यामुळे उत्साह वाढून आणखी एक झाला.

मग पुढच्या बैठकीत प्रश्न आला की हे सगळं बंद केल्यावर मुलाला द्यायचं काय. इथे केशवरावांनी जो सिद्धांत मांडला त्याला तोड नाही. ते म्हणाले, "अपायकारक वस्तू ओळखायची खूण एकच. तिच्यावर छापील चिठ्ठी नसते."

साऱ्यांना हे पटलं. बाळगुटीवर चिठ्ठी नसते, काजळावर नसते, आजीवर तर नसतेच. दुकानदारांनी त्याच क्षणी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. नाव 'शिशुशांती'. वर गलेलठ्ठ गोऱ्या बालकाचं झोपलेलं चित्र, खाली इंग्रजीत छापील चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या अगदी तळाशी बारीक टायपात 'टिंक्चर ओपिआय' असे शब्द. हेडमास्तरांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "लॅटिन आहे." लॅटिन भाषेची कुणाला बाधा झाल्याचं आमच्यापैकी एकाच्याही ऐकिवात नव्हतं. वकील म्हणाले की लपवायचं असतं तर छापलं नसतं. डॉक्टर त्या दिवशी किकवीला रोग्याकडे गेले होते. त्यांनी परत आल्यावर, सगळ्यांनी वाचलंच असेल, अशा भरवशाने बाटलीच्या शिफारशीवर सही केली. (टिंक्चर ओपिआय म्हणजे अफूचा अर्क. हे आम्हाला पुढे कळलं. तोवर अफूच्या विरोधात आमचे दोन ठराव झाले होते.)

यानंतर मंडळाने मातापित्यांसाठी पत्रक काढलं आणि ते किकवी, कापूरहोळपासून हिर्डोशीपर्यंत वाटलं. त्यातली मुख्य कलमं देतो, म्हणजे आमची कळकळ दिसेल.

चिठ्ठी नसलेली कोणतीही वस्तू बालकास चाटवू नये.
आजीस बालकाजवळ एकटे सोडू नये.
काजळ घालू नये. दृष्ट लागल्याची शंका आल्यास मंडळाकडे लेखी कळवावे.
अफू कदापि देऊ नये.
बालक रडू लागल्यास 'शिशुशांती'चे पाच थेंब द्यावेत.

शेवटची दोन कलमं अशी शेजारी शेजारी बसली होती, पण मधे पूर्णविराम असल्यामुळे त्यांचं भांडण झालं नाही.

पत्रकाचा प्रसार व्हावा म्हणून पौष महिन्यात शाळेच्या पटांगणात बालप्रदर्शन भरवायचं ठरलं. तेव्हा पुण्या-मुंबईकडे अशा प्रदर्शनांची लाट होती आणि भोर मागे राहणं बरं दिसलं नसतं. पहिलं बक्षीस चांदीची वाटी आणि चमचा. गुणांची विभागणी अशी केली : वजनाला वीस, स्वच्छतेला वीस, कांतीला दहा आणि शांततेला पन्नास. शांततेला इतके गुण का, असं डॉक्टरांनी विचारलं. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्या बाई 'बालकाचे मन कसे ओळखावे' या विषयावर तासभर बोलणार होत्या, आणि मुलं रडली असती तर त्यातलं अक्षर ऐकू आलं नसतं.

आता केशवरावांच्या घरची अडचण सांगायला हवी. त्यांना बंडू नावाचा आठ महिन्यांचा नातू होता. रंगाने, वजनाने बक्षीस घेण्यासारखा. पण रडायला लागला की पेठेच्या दुसऱ्या टोकाचा सोनार हातोडी खाली ठेवी. अध्यक्षांचा नातूच जर शांततेत नापास झाला तर मंडळाची अब्रू ती काय राहिली? म्हणून घरात बाटली आली. बंडूच्या आईला, मालिनीला, ते मनातून आवडलं नव्हतं. ती मॅट्रिकपर्यंत शिकलेली होती आणि तिचं हे पहिलं मूल होतं, त्यामुळे तिला शंका फार येत.

"मामंजी," ती म्हणाली, "तो रडतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं."

"काहीतरी सगळ्यांनाच हवं असतं, सूनबाई," केशवराव म्हणाले. "आपण रडतो का?"

मालिनीने प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बंडूला पाच थेंब दिले. ती स्वयंपाकघरात गेल्यावर सासूबाईंनी पाहिलं की पोर अजून पाय झाडतंय. सून विसरली असणार असं मनाशी म्हणून त्यांनी पाच थेंब घातले. निघताना केशवरावांनी विचार केला की बायकांवर अशी जोखमीची कामं सोपवून चालत नाही, आणि घड्याळ समोर धरून आपल्या हाताने पाच थेंब घातले. अशा रीतीने घरातल्या तीन कर्त्या माणसांनी एकमेकांना न विचारता आपापलं कर्तव्य बजावलं. एकत्र कुटुंबाचे फायदे सांगावे तेवढे थोडेच. गावातल्या इतर सुशिक्षित घरांतही त्या सकाळी थोड्याफार फरकाने हेच झालं.

काय सांगू, असं प्रदर्शन पुन्हा होणे नाही! मांडवात सतरंजीवर आयांच्या रांगा आणि प्रत्येकीच्या मांडीवर झबलं-टोपडं घातलेलं मूल, पण आवाज म्हणाल तर कनातीचा दोर करकरला तेवढाच. कोणी हुंकारत नव्हतं की कोणी अंगठा चोखत नव्हतं. हेडमास्तरांचे डोळे भरून आले. शाळा चालवताना त्यांनी हे स्वप्न आयुष्यभर पाहिलं होतं आणि ते आठ-दहा महिन्यांच्या मुलांनी पुरं केलं.

एकच गालबोट लागलं. हिर्डोशीची धोंडाबाई आपल्या गेनूला घेऊन आदल्या दिवशी चालत आली होती. तिचा गेनू मांडवात पाऊल पडल्यापासून जो टाहो फोडून रडत होता तो थांबायचं नाव घेईना. केशवराव जातीने तिच्यापाशी गेले.

"पत्रक ऐकलं नव्हतंस का?"

"ऐकलं की, रावसाहेब," धोंडाबाई गेनूला थोपटत म्हणाली. "पर बाटली घ्याया गेले तर दुकानात सपलीया म्हनं. घरात अफू व्हती वाईच, ती सासूनं गुडगं दुकत्यात म्हून सोताच खाल्ली. तवापास्नं ती गप हाय, आन ह्यो असा."

अफूचा असा राजरोस उल्लेख ऐकून केशवरावांनी कानांवर हात ठेवले. गेनूला शांततेत शून्य गुण देण्यात आले आणि त्याला मांडवाच्या ऐकू येण्याच्या कक्षेबाहेर न्यावं अशी तोंडी आज्ञा झाली. धोंडाबाई मुकाट्याने उठली आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसली.

मग पाहुण्या बाईंचं भाषण झालं. बालकाला शब्द नसतात, त्याचं रडणं हीच त्याची भाषा, ती आईने शिकली पाहिजे, असं त्या फार सुंदर बोलल्या. एकाही बालकाने व्यत्यय आणला नाही. टाळ्या झाल्या आणि निकाल जाहीर झाला. पहिलं बक्षीस बंडूला. शांततेत पन्नासपैकी पन्नास. मालिनी त्याला घेऊन व्यासपीठावर गेली. पाहुण्या बाईंनी त्याच्या हनुवटीला बोट लावलं, गालाला लावलं, तरी तो ढिम्म. "किती समजूतदार!" त्या म्हणाल्या.

मालिनी मात्र वाटीकडे पाहत नव्हती. सकाळपासून बंडूने दूध घेतलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाशी कान नेत होती, पुन्हा पुन्हा. मग सगळ्यांसमक्ष तिने त्याच्या मांडीला चिमटा काढला, चांगला जोराचा. बंडूने तोंडही वाकडं केलं नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो, तिचा चेहरा मी पाहिला, आणि इथे मला विनोद सुचत नाही.

"मामंजी, बंडू उठत नाहीये."

"उठवतेस कशाला?" केशवराव हलक्या आवाजात म्हणाले. "अजून फोटो व्हायचाय."

"मामंजी!" या खेपेला तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. "माझं मूल उठत नाहीये!"

भोरात सुनेने सासऱ्यापुढे चारचौघांत आवाज चढवला, याची इतिवृत्तात नोंद कशी करावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वजनकाट्यापाशी बसलेले डॉक्टर धावत आले. त्यांनी बंडूची पापणी उचलून पाहिली. डोळ्यातली बाहुली खसखशीएवढी झाली होती.

"याला अफू कुणी दिली?"

मंडळाला हा आरोप फारच लागला. वकिलांनी सांगितलं की आमचे अफूच्या विरोधात दोन ठराव आहेत. डॉक्टरांनी बक्षिसांच्या टेबलावर मांडलेली 'शिशुशांती'ची बाटली उचलली, तळाची बारीक ओळ वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "किती थेंब?"

"पाच," मालिनी म्हणाली.

"पाच मीही घातले हो," बायकांच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला.

केशवराव उपरण्याशी चाळा करत उभे होते. शेवटी म्हणाले, "मीसुद्धा."

डॉक्टर वळून मांडवाकडे ओरडले, "एकाही मुलाला झोपू देऊ नका! तळवे चोळा, तोंडावर पाणी मारा, काय वाटेल ते करा, पण रडवा त्यांना!"

आता मंडळाची कार्यक्षमता पाहण्यासारखी होती. ज्यांनी शांततेला पन्नास गुण ठेवले होते त्यांनी दुसऱ्या मिनिटाला सर्व उपस्थित बालकांस विनाविलंब रडविण्याचं काम अंगावर घेतलं. स्वागताचे वाजंत्री सनई-चौघडा फुंकू-बडवू लागले. स्वयंसेवक छातीवरचे बिल्ले सावरत तांब्या-ताम्हनं वाजवत फिरू लागले. हेडमास्तरांनी एका मुलीसमोर वाकून, जिने चौथीचा अख्खा वर्ग थरथरतो अशी नजर रोखली. मुलीने जांभई दिली. वकिलांनी चिमटे काढायला नकार दिला, कारण संमतीवाचून चिमटा म्हणजे दुखापत, आणि संमती देण्याइतकी शुद्ध समोर कुणालाच नव्हती. शेवटी पाहुण्या बाईंना आठवलं की एक मूल रडलं की बाकीची आपोआप रडतात. (हे त्यांच्या भाषणात नव्हतं.)

आम्ही सगळे फाटकाकडे धावलो. चिंचेखाली गेनू पोटभर प्यायला होता आणि आईच्या मांडीवर गाढ झोपला होता.

"ए बाई, पोराला आत आण लवकर," मी म्हणालो.

"आत्ता कुटं डोळा लागलाय त्येचा," धोंडाबाई म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, गप कर म्हून? क्येलं गप. आता न्हाई उठवायची म्या."

तिचं कायद्याने बरोबर होतं. तेवढ्यात मालिनी बंडूला छातीशी धरून अनवाणी पळत आली. "अगं, तुझ्या पाया पडते," ती म्हणाली. "माझा उठत नाहीये गं."

धोंडाबाईने बंडूकडे पाहिलं. तिने गेनूला मांडीवरून उचललं, त्याच्या तळव्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "उठ रं गेन्या, रड." झोपमोड झालेल्या गेनूने जो सूर लावला त्यापुढे चौघडा फिका पडला.

मग तो रडता गेनू आम्ही आरतीच्या तबकासारखा रांगेरांगेतून फिरवला. प्रत्येक मुलाच्या कानाशी धरायचा, आई तळवे चोळायची, डॉक्टर ओला फडका मारायचे. पहिली रडली ती हेडमास्तरांची जांभईवाली. तिच्या आईने तिचे मटामट मुके घेतले. मग शेजारचं रडलं, त्याच्या मागचं रडलं. जिचं मूल रडे तिला लोक म्हणत, "सुटलीस बाई." जिचं अजून गप्प होतं ती भेदरून आजूबाजूला पाहत होती. बघता बघता सबंध मांडव रडू लागला.

एक बंडू तेवढा राहिला. त्याचे ओठ काळसर दिसत होते. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मालिनी त्याला हलवत "बंडू, अरे बंडू" एवढंच म्हणत होती. केशवराव तिच्यासमोर सतरंजीवर गुडघे टेकून बसले. पगडी कुठे पडली ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी नातवाचे दोन्ही पाय हातांत धरले आणि म्हणाले, "रड रे बाबा. वाटेल तेवढं रड. मी काही म्हणायचा नाही." आयुष्यभर त्यांनी असंख्य अर्ज वाचले होते, पण इतकी काकुळतीची विनंती त्यांनी कधी पाहिली नसेल. मला तेव्हा त्या माणसाची फार दया आली.

बंडूचा ओठ थरथरला. कपाळाला आठी पडली. आणि मांजराच्या पिलासारखा एक बारीकसा आवाज आला. मग श्वास घेऊन आणखी एक, जरा मोठा. मालिनी मटकन खाली बसली आणि त्याच्याबरोबर रडू लागली. डॉक्टर दिवे लागेपर्यंत तिथेच बसून होते, एकालाही त्यांनी डोळा मिटू दिला नाही. देवाची कृपा म्हणा, सगळी मुलं वाचली.

घडल्या प्रकाराची मंडळाने रीतसर चौकशी केली. निष्कर्ष असा की बाटलीत दोष नसून तो एकत्र कुटुंबात आहे. म्हणून 'थेंब एकाच इसमाने घालावेत' अशी दुरुस्ती पत्रकात झाली. चिठ्ठीवरच्या लॅटिनचं मराठी करावं असं डॉक्टरांनी सुचवलं. दुकानदार म्हणाले की तसं केलं तर ते कुणी विकत घेणार नाही. हे कारण मंडळाला सबळ वाटलं. डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि तो आभारपूर्वक स्वीकारला गेला. पुढच्या प्रदर्शनासाठी शांततेचे गुण चाळीसवर आणले. गेनूला उत्तेजनार्थ बक्षीस द्यावं असं ठरलं, आणि तिजोरीत शिल्लक नसल्यामुळे 'शिशुशांती'ची एक बाटली देण्यात आली. धोंडाबाईने ती उलटीसुलटी करून पाहिली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सासूच्या गुडग्याला व्हईल." बाटली पदरात बांधून ती हिर्डोशीची वाट चालू लागली.

मालिनीने घरातली बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून बाळासाठी काही घ्यायचं झालं की ती दुकानात उभी राहून विचारते, यात काय काय आहे ते मला मराठीत सांगा. सांगता आलं नाही तर परत ठेवते. दुकानदार तिला चिकित्सक म्हणतात. बंडू आता दुपारी पूर्वीसारखाच रडतो. त्यावर पेठेतून मंडळाकडे लेखी तक्रार आली, की खुद्द अध्यक्षांच्या घरातून शांतताभंग होतो. केशवरावांनी तो कागद सुनेपुढे ठेवला.

"रडतोय म्हणजे आहे, मामंजी," ती म्हणाली आणि बंडूला घ्यायला उठली.

केशवरावांनी कागदाची घडी घातली. कसलाही शेरा न मारता फायलीत लावलेला हा त्यांचा पहिलाच कागद असावा.

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगतो ते केशवरावांना पोट धरून हसतात. वाचकांनीही खुशाल हसावं, तुमचा तो हक्क आहे. तुमच्या घरी मूल रडायला लागलं की तुम्ही हातातलं काम टाकून आधी त्याला काय हवं ते पाहता. "अरे, कुणीतरी गप्प करा रे त्याला!" असं तुम्ही आजवर एकदाही म्हटलेलं नाही. काल दुपारी ऐकू आलं ते शेजारच्या घरातलं असणार.